गाळलेली ओळ

सोमवार, ता. १६ ऑक्टोबर १९६७
मु. पिंपळखुटी, पो. अमडापूर

चि. दयारामास ताईचे आशीर्वाद.

घरात सगळी धडधाकट आहेत. गाईला गोऱ्हा झाला. तुझ्या भाऊजींचा खोकला दसऱ्यापासून थांबलाय. खुशालीचं लिहून झालं. पुढचं लिहायला हात उठत नाही, तरी लिहिते.

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. मेल्या, एवढं मोठं कार्ड आणि त्यात चारच ओळी! पहिल्या ओळीत माझ्या गुडघ्याची विचारपूस. गुडघा आहे तसाच आहे, बसता-उठता कुरकुरतो. दुसऱ्या ओळीत, मंगळवारी ता. २४ ला आमच्या गावच्या शाळेत तुझी चौकशी आहे, तू सोनाळ्याहून येशील पण आमच्याकडे उतरणार नाहीस, बरं दिसणार नाही म्हणून. चौथ्या ओळीत भाऊजींना नमस्कार. तो पोचवला. तिसऱ्या ओळीचं मागून लिहिते. ती वाचली आणि मी उभी होते ती खालीच बसले, एवढंच आत्ता सांगते.

आधी पिकाचं ऐक. तुझ्या साहेबांनी तुला गावाचा अर्ज दाखवलाय. 'ग्रामसेवक दयाराम यांनी नवीन जवारीचे फसवे बियाणे गावात आणले, त्यामुळे गावाचे पीक बुडाले, सबब त्यांना कामावरून दूर करावे.' तू अजून कायम झाला नाहीस हे गावाला ठाऊक आहे. एवढ्या एका कागदानं तुझी नोकरी जाईल हेही ठाऊक आहे. पण अर्जात शेत दिसत नाही, म्हणून मी दाखवते.

मागच्या साली तू आमच्या अर्ध्या एकरात नव्या जवारीचा प्लॉट घातलास, तेव्हा गाव हसत होतं. कमरेएवढं ताट, याचा कडबा काय सशाले घालता का, असं सरपंच नारायणरावच म्हणाले होते. मग कणसं भरली आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. अर्ध्या एकरात आम्ही दीड एकराची जवारी मोजली. तुझा फेटा बांधून सत्कार झाला, आठवतं ना? आता ज्यांनी बांधला त्यांचेच अंगठे अर्जावर आहेत.

त्या प्लॉटमध्ये मी माझ्या रीतीनं बियाणं निवडलं. ही रीत तू आमच्याकडे पाहिली आहेस. कापणीच्या आधी घरची बाई उभ्या पिकात एकटी फिरते आणि चांगल्या कणसाच्या ताटाला सुताचा दोरा बांधते. तेवढी कणसं वेगळी खुडून चुलीवर आढ्याला टांगायची, वैशाखातल्या आखाजीला चोळून राखेत घोळायची, आणि मग गाव बियाण्याला आमच्या दारात येणार. सासूबाईंनी जायच्या आधी हे काम माझ्या हातात दिलं, त्याला सोळा वर्षं झाली. गावात कोणीही विचारलं, कोणतं बी पेरलं, तर लोक सांगतात, चांगुणाबाईच्या हातचं.

तर तुझ्या प्लॉटमध्येही मी दोरे बांधले. अशी कणसं मी जन्मात पाहिली नव्हती. मूठ मावत नव्हती, दाणा कसा गच्च! मला वाटलं, सोळा वर्षांचं माझं निवडणं आत्ता कुठे कामी आलं. आणि घरात गावरान जवारीच्या बियाण्याची दोन मडकी होती ना, सासूबाईंच्या हातची, ती मी चैत्रातच दळून भाकरी करून घातल्या. आता ही काय करायची आहेत, म्हटलं.

आखाजीला आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मी पायलीनं बी मोजून दिलं. सगळ्या गावाला पुरायचं म्हणून कोणाला मनासारखं मिळालं नाही, पण मिळालं. शेवटी बनाबाई आली. तुला ती माहीत आहे, पलीकडच्या बौद्धवाड्यातली, दोन एकराची. तिला बी नेहमी शेवटीच द्यायचं आणि वरून पदरात टाकायचं, ही आमच्याकडची रीत. मीही तसंच केलं. तिच्यापर्यंत पोचेस्तोवर मडक्यात एकच पायली उरली होती. ती पदराला गाठ मारून निघून गेली.

भादव्यात मी निंदणाला शेतावर गेले. दयाराम, मी शेताच्या कडेला धुऱ्यावर उभी राहिले आणि मला आमचंच शेत ओळखू येईना. मला वाटलं वाट चुकले. एक ताट कमरेला, शेजारचं डोक्याच्या वर, तिसरं गुडघ्याएवढं. एक कणीस निसवून दाणा भरून बसलेलं, दुसऱ्याला अजून कणसाची पोटरीच नाही. मी एकेका ताटाला हात लावत आत गेले. मी दोरा बांधून निवडलेल्या कणसांचं हे पोर! कोणी मोकळी, विसकटलेली, कोणी पोचट, कोणी नुसताच तुरा, आत दाणा नाही. लवकर भरलेली होती ती पावसात काळी पडली, उशिराची होती त्यात माशी शिरली. मी मोठ्यानं म्हटलं, 'हे काय झालं वं माय!' आणि त्या शेतात ऐकायला कोणी नव्हतं.

मग धावत शेजारच्या शेतात गेले. तेच. त्याच्या पुढच्या शेतात, तेच. नाल्यापर्यंत मी पदर खोचून पळत होते, गुडघा विसरून. सगळ्या गावानं एकाच मडक्यातलं पेरलं होतं ना! कुठे तिजा हिस्सा येईल, कुठे तेवढाही नाही. कडबाही नाही, म्हणजे माणसाआधी बैल उपाशी. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही. भाकर तोंडाजवळ नेली की वाटतं, ही कोणाच्या वाट्याची खातेय मी.

गावात तुझं नाव निघायला वेळ लागला नाही. तुझी जूनमध्ये सोनाळ्याला बदली झाली आणि तुझ्या जागी श्रावणापर्यंत कोणी आलंच नाही, त्यामुळे शिव्या द्यायला तूच होतास. मारुतीच्या पारावर बैठक झाली. अर्ज लिहायचं ठरलं. शाळेचे मास्तर म्हणाले, मी सरकारी माणूस, सरकारी माणसाविरुद्ध माझ्या अक्षरात कागद नको. मग नारायणराव आमच्या ओसरीवर आले. खाली मान घालून म्हणाले, "चांगुणाबाई, भाऊ आहे तुमचा, समजते मले. पण गावाच्या पोटाचा सवाल आहे. तुमच्याबिगर लेयनारं गावात हाय कोन?"

मी हो म्हटलं.

हे वाक्य मी तीन दिवस लिहू शकले नव्हते, म्हणून हे पत्र आज लिहून होतंय. दयाराम, तुझ्याविरुद्धचा अर्ज मी लिहिला. 'फसवे' हा शब्दही माझाच. नारायणरावांनी 'खराब' सांगितला होता. सत्तावीस जणांना मी तो वाचून दाखवला आणि एकेकाचा अंगठा शाईत बुडवून कागदावर धरला.

आता तुझी तिसरी ओळ. 'साहेबांनी अर्ज समोर ठेवून विचारले, हे अक्षर ओळखता का, मी नाही म्हणालो.' एवढंच. पुढे पूर्णविराम. गाढवा, शिव्या तरी द्यायच्या होत्यास! तुला पाटीवर अ काढायला मी शिकवलं, मलकापूरला आपल्या शाळेच्या पायरीवर बसून. माझं अक्षर तू अंधारातही ओळखशील. आणि ओळखत नाही म्हणालास. माझ्या कानशिलात कोणी मारली असती तरी मी एवढी हबकले नसते. मला कळेना, याला सगळं कळलंय की अजून अर्धंच?

अर्धंच कळलं असेल. राहिलेलं अर्धं मी सांगते. ते ऐकलंस की तूही माझ्यासारखा खाली बसशील.

तुझं मे महिन्यातलं पाकीट आठवतं? तू शेतकी शिबिरातूनच लिहिलं होतंस. ते पाकीट नेमकं आखाजीच्या दिवशी आलं. अंगण माणसांनी भरलेलं, मी मडक्याचं तोंड मोकळं करून बसलेली. भाऊजी म्हणाले, दयारामचं पत्र आहे, वाच मोठ्यानं, सगळे ऐकतील. मी फोडलं आणि वाचायला लागले. गावाला नमस्कार, शिबिरात जेवण कसं होतं, खत किती टाकायचं. मग पुढे तू लिहिलं होतंस, 'ताई, एक गोष्ट फार महत्त्वाची. प्लॉटवरच्या कणसांचे बी पेरू नका. हे दोन जातींचे मिळून केलेले बी असते, त्याचे पुढचे पीक एकसारखे येत नाही. दर साली नवे बी घ्यावे लागते. जुने गावरान बी मोडू नका. हे गावात प्रत्येकाला सांग.'

माझे डोळे त्या ओळीवरून गेले. तोंड गेलं नाही. मी खाली उतरून 'कळावे, आपला दयाराम' असं वाचलं आणि पत्र घडी करून कमरेला खोचलं.

का केलं? तूच विचारणार म्हणून मीच विचारते. मनात पहिलं काय आलं ते सांगते. ज्याला मी कडेवर घेऊन फिरवलं तो मला कणीस शिकवतो? चार दिवस शिबिरात बसला आणि सासूबाईंची रीत मोडायला निघाला? ते पहिलं. त्याच्या खालचं मला उशिरा कळलं. दर साली सरकारी डब्यातलं नवं बी आलं तर आखाजीला माझ्या दारात कोण येणार होतं? या घरात मला मूलबाळ नाही, दयाराम. गावातली माणसं वर्षातून एक दिवस माझ्यासमोर पदर पसरत होती, तेवढंच माझं होतं. ते मला सोडवलं नाही. आणि खरंच सांगते, तू लिहिलंस ते मला पटलंही नव्हतं. एवढं गच्च कणीस, त्याचं पोर वाईट निघेल कसं?

बरं, गावरान बी तर मी आधीच दळून बसले होते. तेही सांगायची लाज.

तुझं कार्ड आलं त्या दुपारीच बनाबाई आली. ओसरीच्या खाली उभी राहिली, नेहमीसारखी. म्हणाली, "बाई, तुमच्या भावाचं ते बियान्याचं पत्र हाय का जवळ? मले पुन्हा एकडाव वाचून दाखवा."

मी म्हटलं, "काऊन वं? आता काय करतं त्याचं?"

"मी अंगठा तं देला," ती म्हणाली, "पन मनाले पटून नाई राह्यलं. तो मानूस माह्या घरी बसून पानी पेला होता. गावात येनाऱ्या कोन्या सायबानं नाई पेलं आजवर. तो आमाले फसवीन काऊन? पुढच्या मंगळवारी सायब येनार. त्यानं काय लेयलं होतं ते मले नीट आयकू द्या, मंगच मी सायबापुढं उभी राहीन."

पत्र पेटीत होतं. मी आणलं. तिला अक्षर येत नाही. मला पुन्हा तसंच वाचता आलं असतं, खत किती टाकायचं इथून थेट 'कळावे'वर. मी वाचत आले आणि त्या ओळीपाशी थांबले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग मी वाचलं, एकेक शब्द. 'प्लॉटवरच्या कणसांचे बी पेरू नका.'

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. म्हणाली, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. तिचा हात तोंडावर गेला.

"हे आखाजीले होतं या कागदावर?"

"होतं."

"तुमी वाचलं नाई."

"नाही वाचलं."

मला वाटलं ती शिव्याशाप देईल. ती म्हणाली, "बाई, मले वाटे, गावात एक बाई वाचनारी हाय, म्हणून आमी बिनअक्षराचे असलो तरी चालते. तुमच्या डोयानं आमी पाहत होतो. अन् तुमी आमचेच डोये झाकले." मी ओसरीवरून उतरून तिच्या पायाशी गेले, तर ती मागे सरली. म्हणाली, "पाया नका पडू. माह्या अंगठ्याचं काय करता, ते सांगा."

मग तिनं आणखी एक सांगितलं, आणि तेही मला ठाऊक नव्हतं. मी तिला एकच पायली दिली होती, ती एका एकराला पुरली. उरलेल्या एकरात तिनं आपली जुनी गावरान जवारी पेरली, तिच्या चुलीवर टांगलेल्या कणसांची. शनिवारी मी जाऊन पाहून आले. अर्धं शेत आमच्यासारखंच वाटोळं झालेलं, आणि त्याला लागून पुरुषभर उंच गावरान जवारी, एका उंचीची, आत्ता निसवतेय. पिंपळखुटीत पुढच्या साली पेरायला दुसरं बी नाही. मी तिला शेवटी दिलं, कमी दिलं, म्हणून ते वाचलं. या गोष्टीचं मला अजून काय करावं कळत नाही.

मी तिला विचारलं, बियाणं देशील का गावाला? ती म्हणाली, "देईन. भुकं थोडंच ठेवनार हाओ कोनाले. कनसं निवडाले तुमी या, हात चांगला हाय तुमचा. पन वाटाचं मी पायीन. कोनाले पयले अन् कोनाले शेवटी, हे आता तुमी नाई ठरवाचं." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

संध्याकाळी मी भाऊजींना सगळं सांगितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यांना इतकं पांढरं पडलेलं मी कधी पाहिलं नाही. मग म्हणाले, "तो कागद चुलीत घाल." मी नाही म्हटलं. "अवं, तो सरकारी मानूस आहे. गेली नोकरी तं तो दुसरी पाहीन, मलकापुरात जिनिंगमध्ये लागीन. आपल्याले याच गावात राहा लागते. लोक दारावर गोटे मारतीन. बाईमानसाची चूक म्हणून सोडनार नाईत." मी म्हटलं, तो माझा भाऊ आहे. तर म्हणाले, "अन् मी कोन आहो?" त्यांचंही खोटं नाही, दयाराम. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. ताटावर बसतात, उठतात. त्यांचा राग धरू नको, ते घाबरले आहेत. मीही घाबरले आहे.

ता. २४ च्या मंगळवारी मी शाळेत येणार आहे. बाया चौकशीला येत नाहीत, मी येणार. बनाबाई म्हणाली, मी बाजूला उभी राहीन. साहेबांपुढे, नारायणरावांपुढे, सगळ्या सत्तावीस जणांपुढे मला ती ओळ मोठ्यानं वाचायची आहे. पण माझा भरवसा मलाच नाही. आखाजीला अंगण भरलेलं होतं आणि माझं तोंड मिटलं, तसं पुन्हा मिटलं तर? म्हणून तुझं मे महिन्याचं पत्र मी या पाकिटात घालते आहे, आणि उद्या अमडापूरला स्वतः जाऊन रजिस्टर करते. ती ओळ आहे तशी आहे, तिला मी बोटही लावलं नाही. हे माझं पत्रही साहेबांना दाखव. दोन्ही दाखव, आणि शेजारी अर्ज ठेव.

तुझा स्वभाव मला माहीत आहे. पाकीट फोडशील, डोळे पुसशील, आणि ताईची अब्रू म्हणून दोन्ही कागद कोटाच्या आतल्या खिशात घालशील. तसं केलंस तर नोकरी जाईल तुझी, आणि गाव पुढची वीस वर्षं तुलाच शिव्या देईल. नव्या बियाण्याचं खरं काय ते कोणाला कळणार नाही, आणि पुढच्या गावात कोणी चांगुणा पुन्हा दोरे बांधून तेच करील. माझ्यावर दया करू नको. मला ती सोसणार नाही.

साहेब पुन्हा विचारतील, हे अक्षर ओळखता का. या खेपेला हो म्हण.

तुझी ताई,
चांगुणा उकंडराव म्हस्के
दस्तुरखुद्द